२ मिमी मेम्ब्रेनचा मायक्रोडायलिसिस प्रोब: डोपामिनसाठी घ्यावा का?

घ्यावा, पण काय मोजायचंय ते आधी पक्कं करा. हा प्रोब म्हणजे मेंदूत घालायची बारीक नळी: आतून द्रावण वाहतं आणि टोकाच्या मेम्ब्रेनमधून (सच्छिद्र पडद्यातून) आसपासची रसायनं त्यात झिरपतात. औषध दिल्यावर जिवंत रॅटच्या स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या एका भागात) तासा-दोन तासांत डोपामिन (मज्जापेशींचं संदेशवाहक रसायन) किती चढतं-उतरतं, हे बघायला हा प्रोब उत्तम. सेकंदाच्या आतले चढउतार हवे असतील तर कार्बन फायबर इलेक्ट्रोड आणि व्होल्टामेट्रीच (विद्युतप्रवाहावरून रसायन मोजण्याची पद्धत) लागते. इथे एक नमुना जमायलाच १०-२० मिनिटं जातात.

मेम्ब्रेनमधून डोपामिन सहज आत येतं, मोठी प्रथिनं बाहेरच राहतात. त्यामुळे नमुना थेट एचपीएलसीला (रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राला) देता येतो. नवा प्रोब आधी ७०% इथेनॉलने धुवा म्हणजे मेम्ब्रेनवरचं ग्लिसरॉल निघून जातं. त्यानंतर मेम्ब्रेन कोरडं पडू देऊ नका आणि बोट तर मुळीच लावू नका.

बहुतेक घोटाळा नळीच्या जोडात होतो. नळीचं टोक तिरकं कापलं गेलं की अडॅप्टरमध्ये केसाएवढी फट राहते आणि तिथे बुडबुडा अडकतो. तो सुटून मेम्ब्रेनला आतून चिकटला की तेवढा भाग निकामी. आकडे खाली येतात आणि डोपामिनच घटलं असं वाटतं. म्हणून धारदार ब्लेडने काटकोनात कापा, द्रावणातली हवा आधी काढून टाका आणि प्रत्येक कुपीतला द्रव मोजा: मिनिटाला २ मायक्रोलिटर वेगाने १० मिनिटांत २० भरायला हवेत. १६-१७ च भरत असतील तर कुठेतरी गळती आहे.

द्रावणाचा वेग वाढवला की रिकव्हरी (बाहेरच्या डोपामिनपैकी नमुन्यात येणारा वाटा) घसरते. मिनिटाला १ ते २ मायक्रोलिटरमध्येच राहा. ०.१२ मिमी आतल्या व्यासाच्या १ मीटर नळीत साधारण ११ मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणजे मिनिटाला १ च्या वेगाने नमुना तेवढीच मिनिटं उशिरा पोहोचतो. औषधाची वेळ लावताना हे हटकून विसरलं जातं. द्रावणात कॅल्शियम १.२ मिलिमोलर ठेवा, जास्त झालं तर डोपामिनचा स्राव कृत्रिमरीत्या वाढतो.

मोजलेलं डोपामिन मज्जापेशींनीच सोडलंय का, हे तपासायला प्रोबमधून १ मायक्रोमोलर टेट्रोडोटॉक्सिन (मज्जापेशींचे विद्युत संकेत थांबवणारं विष) सोडा. पातळी जोरात पडली नाही, तर ते डोपामिन बहुधा जखमी ऊतींतून झिरपतंय. प्रोब घातल्याबरोबर घेतलेले नमुने याच कारणाने टाकून द्यावेत.

प्रोब धुऊन पुन्हा वापरता येतो, पण प्रमाणित द्रावणात रिकव्हरी नव्याने मोजल्याशिवाय तो दुसऱ्या प्राण्यात घालू नका.