घाटासाठी ३४ दातांची कॅसेट घेतली, वर्षभर वापरून लिहितेय

शिमानोची नऊ स्पीडची ११-३४ कॅसेट (मागच्या चाकावरच्या नऊ दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात छोटीला ११ दात, मोठीला ३४) गेल्या दिवाळीनंतर बसवली, आता वर्ष होत आलं. साताऱ्यात राहून रोड बाइक चालवणाऱ्या माझ्यासारख्या साध्या माणसाला याचा काय उपयोग ते सांगते. मी रेस करत नाही, वय ४६, सकाळी साडेपाचला निघायचं आणि ऑफिसच्या आधी घरी यायचं, रविवारी जरा लांब, एवढंच माझं सायकलिंग.

आधी ११-२८ होती. पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दातांची चेनरिंग, म्हणजे पुढच्या दोन चकत्या. ही जोडी सपाटीला छान आहे पण साताऱ्यात सपाटी आहेच किती, गावाबाहेर कुठल्याही दिशेला गेलं की डोंगर नाहीतर धरण. त्यामुळे मी चार वर्षं मोळाच्या ओढ्यावरून मेढा रोडच धरायचे, कण्हेर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जायचं आणि परत. रस्ता सुंदरच आहे, वेण्णेचं पाणी दिसत राहतं, छोटे चढउतार, पण तोच तोच रस्ता किती वेळा करणार. आणि शनिवार-रविवारी महाबळेश्वरची वाहनं या बाजूनेही येतात, मग ती शांतता राहत नाही.

यवतेश्वरचा घाट, म्हणजे साताऱ्यातून कास पठाराकडे चढणारा रस्ता, मी जुन्या गिअरवर चढायचे, नाही असं नाही. पण कशी, तर उभं राहून, दात ओठ खाऊन, नजर पुढच्या चाकावर. माझा भाचा एकदा सोबत होता, म्हणाला मावशी तुझे गुडघे जातील, तू ताकदीने ढकलतेयस, पाय फिरवत नाहीयेस. तेव्हा त्याने हिशेब करून दाखवला तो मला पटला. पुढच्या ३४ ला मागचं २८ लावलं की पेडलचा एक फेरा म्हणजे साधारण अडीच मीटर. ३४ ला ३४ लावलं की फेऱ्याला दोन मीटर दहा सेंटीमीटर. घाटात माझा वेग तासाला साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला जुन्या कॅसेटवर मिनिटाला पन्नासही फेरे होत नव्हते, नवीनवर साठ होतात. कागदावर दहा-अकरा फेऱ्यांचा फरक आहे पण गुडघ्याला विचारा. सात-आठ टक्क्यांच्या चढावर अर्धा पाऊण तास चालवायचं असतं तेव्हा हाच फरक सगळं काही आहे.

आता बसवण्याची गोष्ट, कारण इथेच लोक फसतात आणि मीही फसले. पहिल्यांदा ज्या दुकानात नेली त्यांनी नुसती कॅसेट बदलली, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जुना आणि चेन जुनीच ठेवली, चालवून बघा म्हणाले. सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं की डिरेलरची वरची छोटी पुली कॅसेटला घासायची, करकर आवाज, आणि चुकून पुढे ५० मागे ३४ पडलं तर चेन इतकी ताणायची की डिरेलर तुटेल असं वाटायचं. मी दोन आठवडे तसंच रेटलं, वाटलं सेटिंगचा प्रॉब्लेम असेल. मग दुसऱ्या मेकॅनिककडे गेले, त्याने सायकल उलटी न करता नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाला ताई, डिरेलरचा केज, म्हणजे पुल्या धरणारी पट्टी, छोटाय, यात ३४ बसतच नाही, पुली कॅसेटपासून लांब करणारा बी स्क्रू कितीही आवळा. लांब केजचा शिमानोचाच सोरा डिरेलर टाकला, चेन नवीन आणि थोडी लांब, आणि मग मात्र लोण्यासारखं चालायला लागलं. सगळं मिळून सात हजाराच्या आसपास गेले. म्हणून सांगते, नुसत्या कॅसेटची किंमत बघून उडी मारू नका, आधी तुमचा डिरेलर किती दातांपर्यंत घेतो ते बघा, मॉडेल नंबर त्याच्यावरच असतो. आणि एकदा मेकॅनिकला ५० वर ३४ टाकून चेन पुरते का ते समोर बघायला सांगा, लाजू नका.

पहिल्यांदा नीट घाट चढले तो डिसेंबरातला मंगळवार होता, समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या अलीकडे वर वळले तेव्हा अंधारच होता. वरचा टप्पा आला तरी मी बसलेलीच, श्वास चालू होता, बोलता येत होतं. आणि सांबरवाडीच्या पुढे उजाडलं आणि मी मान वर केली. कासचा हा रस्ता डोंगराच्या सोंडेवरून जातो हे मला माहीत होतं, गाडीने शंभर वेळा गेलेय, पण उजव्या हाताला खाली कण्हेरचं पाणी आणि डाव्या हाताला उरमोडीचं, दोन्ही धरणं एकाच वेळी, दोन्हींवर धुकं, हे मी पहिल्यांदा बघितलं. गाडीत काच असते आणि जुन्या गिअरवर माझी मान खाली असायची. मी थांबले नाही, चालवत चालवतच बघत राहिले, डोळ्यात पाणी आलं खरंच.

त्यानंतर कास माझं झालं. पठार बाराशे मीटरच्या आसपास आहे, साताऱ्यातून पंचवीसेक किलोमीटर. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर फुलांच्या दिवसात सुट्टीच्या दिवशी मात्र सायकल काढू नका, गाड्यांच्या रांगा लागतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सातच्या आत वर पोचलात तर रस्ता तुमचा एकट्याचा.

खरी परीक्षा बामणोलीला झाली. कासच्या पुढे रस्ता उतरत उतरत कोयनेच्या शिवसागर जलाशयाला जातो, जाताना काहीच वाटत नाही, बारा-एक किलोमीटर नुसता उतार, समोर पाणी आणि पलीकडे वासोट्याचं जंगल. पाणी साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे जेवढं उतरलात तेवढं पाचशे मीटर परत चढायचंय आणि तेही पाय वापरून झाल्यावर, ऊन चढल्यावर. जुन्या कॅसेटवर मी हे कधी केलंच नसतं. नवीनवर केलं, दोनदा केलं, दुसऱ्या वेळी सायकलवरून खाली न उतरता. वाटेत पाण्याची सोय फार नाही, दोन बाटल्या आणि गूळ-शेंगदाणे न्या.

सज्जनगडाची बाजू वेगळी. बोगद्यातून पलीकडे, गजवडीवरून चढ सुरू. खाली परळीला उतरून जुनी शिवमंदिरं आणि धरण बघून परत वर आले तर माझी सकाळ भरते. वर तसंच ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीची पवनचक्क्यांचा सडा, म्हणजे खडकाळ पठार. तिथे मात्र कॅसेट काही कामाची नाही, पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असा आडवा लागतो की सायकल हातात धरून ठेवणं हेच काम. जून ते ऑगस्ट मी तिकडे जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला जावं, धरण भरलेलं असतं, गवत पिवळं व्हायला लागलेलं असतं.

आता खटकलेलं. या कॅसेटमध्ये दातांच्या उड्या मोठ्या आहेत, ११, १३, १५, १७ आणि मग एकदम २०, २३, २६, ३०, ३४. मेढा रोडला समोरचा वारा असताना १७ जड वाटतं आणि २० ला पाय भिरभिरतात, मधला १८ किंवा १९ हवा असं दर दोन मिनिटांनी वाटतं. आधीच्या ११-२८ मध्ये १६ आणि १८ होते, ते मी अजून मिस करते. ग्रुपमध्ये सपाटीला एका वेगाने चालवणाऱ्यांनी ही घेऊच नये. कऱ्हाड-सांगली पट्ट्यातल्या, कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यांवर रोज चालवणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी नकोच म्हणून सांगितलं, तिला ११-२८ उत्तम आहे. वजनही थोडं वाढतं, पण ते मला कळलं नाही.

टिकाऊपणा चांगला. पावसात चिखल, मग धुणं, मग परत चिखल, तरी दात झिजलेले नाहीत. चेन मात्र मी दर आठवड्याला पुसते आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर तेल घालते, ते नाही केलं तर कुठलीच कॅसेट राहणार नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या १८ दातांचा कापला. सातारा, जावळी, पाटण, वाई, महाबळेश्वर या भागात राहत असाल आणि तिशी-चाळिशी ओलांडली असेल तर डोळे झाकून घ्या, डिरेलर तेवढा आधी तपासा. या गुरुवारी मी परत कासला जातेय, पाऊस थांबलाय आणि दोन्ही धरणं काठोकाठ आहेत.