गावातला आरोग्य-प्रचार: भिंत, मोबाइल, रेडिओ की भारूड?

ग्रामपंचायतीच्या हाती थोडा निधी आहे आणि तो आरोग्याच्या प्रचारावर खर्चायचाय. कुठे घालावा? माझा निकष एकच: दवाखान्याचं बिल वाढायची वेळ येते तेव्हा माहिती माणसाच्या हाताशी असते का?

भिंत सगळ्यांत स्वस्त, आणि एकदा रंगवली की बोलत राहते. मात्र ‘आरोग्य हीच संपत्ती’ लिहून रंग वाया घालवू नका. रेशन दुकानाच्या भिंतीवर १०८ नंबर लिहा. साप चावला तर मांत्रिक नको, सरकारी रुग्णालयात सापाच्या विषावरचं औषध मोफत मिळतं, हे लिहा. आपल्याकडे जुलाब लागले की सलाईन लावून घ्यायची घाई असते. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण भिंतीवर असलं तर बऱ्याच घरांचे पैसे वाचतील. त्याखाली एक ओळ हवीच: बाळ मलूल झालं तर लगेच दवाखाना.

पण बीड, जालना, धाराशिवच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि भिंत गावातच राहते. तिथं व्हॉट्सअॅपला तोड नाही. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. ‘पिशवी काढा म्हणाले तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा,’ असं आशाताईनं आपल्या बोलीत बोलून पाठवलं, तर वाचता न येणाऱ्या बाईलाही ते फडात कळतं. ऐन वेळी पुन्हा ऐकताही येतं. अडचण अशी की फोन बहुतेकदा नवऱ्याच्या खिशात असतो. पिशवीची गोष्ट त्याच्यामार्फत पोचणं अवघडच. शिवाय ग्रुपवर कोणीही काढे आणि अफवा टाकतो. म्हणून संदेश पाठवायची मुभा फक्त आशाताई आणि नर्सबाईंना ठेवा.

आकाशवाणी परभणी किंवा बीडवरचं डॉक्टरांचं बोलणं भरवशाचं, पण वेळ हुकली की हुकलं. फुकट आहे, तेव्हा वेळ तेवढी फळ्यावर लिहा.

भारूड पैठणच्या एकनाथांनी घरोघरी पोचवलेलं, आपल्या मातीतलं. सप्ताहाला गर्दी आयती जमते, लाजेचे विषय हसत-खेळत निघतात. पण कलापथकाचं मानधन, मंडप, साउंड धरला तर एका रात्रीत निधी संपतो.

थोडक्या पैशात मी आधी भिंत रंगवीन आणि दसऱ्याच्या आत टोळीतल्या बायकांचे नंबर गोळा करीन. जिच्याकडे फोन नाही, तिच्या शेजारणीचा.