60 किमीच्या शर्यतीआधी घोडीला दिलेला इलेक्ट्रोलाइटचा (घामातून जाणाऱ्या क्षारांच्या पावडरीचा) डबा, 5 पैकी 2 मार्क

कंपनीचं नाव लिहीत नाही, पण असले डबे एन्ड्युरन्सवाल्यांच्या, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीवाल्यांच्या, तबेल्यात सर्रास असतात म्हणून सविस्तर लिहितोय. 2 किलोला 1,850 रुपये. आमची मारवाडी घोडी काजळ, वय 9, मागच्या हिवाळ्यात 40 किमी करून झालं होतं, यंदा 60 ला उतरवायची होती, म्हटलं खर्चाकडे बघायचं नाही.

पावडर पटकन विरघळते, गुठळी होत नाही, वास सफरचंदाचा. काजळला तो वास मुळीच पटला नाही, बादलीत नाक घातलं, वरचा ओठ उलटा केला आणि पायाने बादली आडवी. शेवटी चंदीत (दाण्यात) गूळ घालून कालवलं तेव्हा खाल्लं. म्हणून जे काही द्यायचं ते आधी घरी सरावात देऊन बघा, आणि मिठाच्या बादलीशेजारी साध्या पाण्याची बादली हवीच हवी, नाहीतर घोडं पाणीच सोडून देतं.

आता खरी तक्रार. पत्रकात लिहिलंय स्पर्धेच्या 5 दिवस आधीपासून रोज दोन मापं. मी दिली. ठाण (घोडी बांधायची जागा) रोज सकाळी लघवीने ओलंचिंब, घोडी सांभाळणारा मोतद्दार वैतागला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की घोड्याच्या अंगात मीठ असं साठवून ठेवता येत नाही, जास्तीचं सगळं लघवीतून जातं, द्यायचं तर आदल्या रात्री, त्या दिवशी सकाळी आणि मधल्या विश्रांतीत. म्हणजे माझे 5 दिवसांचे पैसे शब्दशः वाहून गेले.

मग लेबल नीट वाचलं. पहिलं नाव डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच! मीठ दुसरं. 50 ग्रॅमच्या मापात मीठ 12 ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड लिटर घामात जाणाऱ्या सोडियमइतकं, आणि उन्हात घोडं तासाला 10 लिटरच्या वर घाम गाळू शकतं. वर खाण्याचा सोडापण घातलाय. लांब पल्ल्यात घामातून क्लोराईड एवढं जातं की रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं, त्यात सोडा कशाला?

आणि आपल्या घामापेक्षा घोड्याचा घाम कितीतरी खारट असतो. पाण्याबरोबर मीठही तेवढंच गेल्यामुळे रक्तातला खारटपणा वाढत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालं तरी त्याला तहानच कळत नाही. ह्यासाठी मीठ द्यायचं, तहान लागावी म्हणून.

स्पर्धेच्या आदल्या रात्री काजळसमोर सुका चारा रात्रभर ठेवला, कारण आतड्यातला चारा पाणी धरून ठेवतो. चंदी निघायच्या 4 तास आधी संपवली, उशिरा दाणा दिला की इन्शुलिन वाढतं आणि चरबी जाळायचं काम मंदावतं. लसूणघास कमीच ठेवली. तेल तर महिनाभर आधीपासून थोडं थोडं वाढवत आणलं होतं, ऐनवेळी ओतलं की पोट बिघडतं.

पहिल्या व्हेट गेटला (वाटेतल्या डॉक्टरी तपासणीच्या थांब्याला) हृदयाचे ठोके मिनिटाला 64 च्या आत आले पण घोडी पाण्याला तोंड लावेना. मी घाबरून पावडरचं घट्ट पाणी सिरिंजमध्ये भरलं आणि तोंडात सोडणार तेवढ्यात डॉक्टरांनी हात धरला, म्हणाले, "अहो, ती पीत नाहीये आणि तुम्ही मीठ कोंबताय, अंगातलं उरलंसुरलं पाणीपण आतड्यात ओढलं जाईल." मग भिजवलेलं गवत टाकलं, मानेवर पाणी मारत राहिलो. दहाएक मिनिटांनी तिने नाक बुडवलं, प्रत्येक घोटाला कान मागे-पुढे हलत होते, मी मोजत होतो, 43 घोट. त्यानंतरच थोडी पावडर ओल्या कोंड्यातून दिली. 60 किमी पूर्ण झालं, घोडी तपासणीत पास.

विरघळतं छान म्हणून एक मार्क आणि पोटॅशियम आहे म्हणून एक. आता डॉक्टरांना विचारून 3 भाग साधं मीठ आणि 1 भाग पोटॅशियम क्लोराईड घरीच मिसळतोय, काजळ ते कोंड्यातून बिनतक्रार खाते. उरलेला अर्धा डबा तसाच पडून आहे.