सालांडरचे दोन पुढचे भाग

स्वीडिश लेखक स्टीग लार्सन यांच्या ‘मिलेनियम’ या रहस्यकादंबऱ्यांच्या मालिकेतील २००६ सालचा दुसरा भाग आणि डेव्हिड लागरक्रांत्झ यांनी लिहिलेला २०१५ सालचा चौथा भाग यांत वाचकांनी डावे-उजवे केले, ते केवळ कथानकावरून नव्हे. दुसऱ्या भागाची सुरुवात रेंगाळते, मालिकेची नायिका लिस्बेथ सालांडर हिने आयकियातून घेतलेल्या फर्निचरची लांबलचक यादीही अनेकांना खटकते. मात्र तिहेरी खुनाचा संशय तिच्यावर येताच पुस्तक हातातून सुटत नाही. चौथा भाग आटोपशीर आहे, पण २००४ मध्ये वारलेल्या लार्सन यांची पात्रे दुसऱ्याने चालवावीत का, हा वाद त्याला चिकटला. लार्सन यांच्या सहचरी एव्हा गॅब्रिएल्सन यांनी तर जाहीर विरोध केला. माझी पसंती, त्या यादीसकट, दुसऱ्या भागालाच आहे.