९१ टक्के यश आणि तेवढेच प्रवेश

ज्या जाहिरात एजन्सीशी मी करार केला, तिच्या सादरीकरणाच्या दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : आमच्या कॅम्पेनचा सक्सेस रेट ९१ टक्के. तो आकडा बघून मी सही केली. मी हिशेब शिकवते, आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे, तरीही हे ९१ कशाला भागून आले ते विचारलं नाही. आठ महिने आणि साठवलेले बरेचसे पैसे गेल्यावर ते कळलं. आता दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझा ऑनलाइन वर्ग आहे. बहुतेक विद्यार्थी जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून येतात. प्रवेश वाढावेत म्हणून इंटरनेटवर जाहिरात करायचं ठरवलं. एजन्सीचा माणूस नम्र होता, तयारीनं आलेला. मी म्हटलं, "मला प्रवेश वाढायला हवेत, बाकी काही नको." तो म्हणाला, "मॅडम, आधी ट्रॅफिक, मग एंगेजमेंट, मग लीड. प्रवेश त्यातूनच येतात." म्हणजे आधी लोक साइटवर येणार, मग रस दाखवणार, मग चौकशीसाठी नाव-नंबर देणार. हे क्रमानं ऐकताना पटतं. करारात मात्र 'प्रवेश' हा शब्द एकदाही नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

यशस्वी कॅम्पेन म्हणजे काय, याची व्याख्या कराराच्या शेवटच्या परिशिष्टात होती. पाच निकष होते : जाहिरात किती वेळा दिसली, किती क्लिक आले, व्हिडिओ किती जणांनी पाहिला, ईमेल किती जणांनी उघडला आणि किती 'कन्व्हर्जन' झाली, म्हणजे आलेल्या किती जणांनी फी भरण्यासारखी हवी ती कृती केली. यांतला कोणताही एक निकष ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की कॅम्पेन यशस्वी. ठरलेले आकडेही दर महिन्याला एजन्सीच सुचवायची आणि मी होकार द्यायचा.

नंतर मी कागद घेऊन बसले. प्रत्येक निकष पार होण्याची शक्यता फक्त ४० टक्के धरा. पाचही निकष एकमेकांवर अवलंबून नाहीत असं माना. पाचही फसण्याची शक्यता ०.६ चा पाचवा घात, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचांतला एक तरी पार होण्याची शक्यता ९२ टक्के. प्रत्यक्षात हे निकष एकमेकांत थोडेफार गुंतलेले असतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल. पण निम्म्याहून जास्त वेळा जी गोष्ट जमत नाही, तिच्यातून नव्वदीच्या पुढचा सक्सेस रेट उभा करायला कुणाला अहवालात एकही खोटा आकडा लिहावा लागत नाही. व्याख्या सैल ठेवली की पुरतं.

भागाकारातला खालचा आकडाही त्यांच्याच हातात होता. जी जाहिरात पहिल्या चौदा दिवसांत चालली नाही, तिला ते 'टेस्ट' म्हणायचे आणि मोजणीतून काढून टाकायचे. चाललेल्या जाहिरातीचे मात्र तीन-चार तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळं कॅम्पेन म्हणून मोजायचे. खालचा आकडा बदलला की निकाल कसा फुगतो, याचं मोठं उदाहरण २०१६ साली जगासमोर आलं होतं. लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात हे मोजताना फेसबुकनं तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ पाहणारे भाजकातून वगळले होते, त्यामुळे ती सरासरी दोन वर्षं जाहिरातदारांना फुगलेली दिसत राहिली. कंपनीनं चूक मान्य केली. माझ्या बाबतीत चूक नव्हती, करारातलं कलम होतं.

दर महिन्याला बावीस पानांचा रिपोर्ट यायचा. हिरवे बाण, वर जाणाऱ्या रेषा. माझ्या प्रवेशांच्या वहीत फारसा फरक पडत नव्हता. विचारलं की उत्तर यायचं, "मॅडम, ब्रँड बनायला वेळ लागतो." हे उत्तर पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते फार घातक आहे. त्यात कोणताही महिना बसतो.

शंका आली ती योगायोगानं. जाहिरातीचे पैसे माझ्या कार्डावरून जायचे. त्या कार्डाची मुदत संपली, पैसे अडकले आणि जाहिराती बंद पडल्या. बँकेचे निरोप माझ्या नजरेतून सुटले. अकरा दिवसांनी कळलं. घाईनं वही उघडली : जाहिरात बंद असताना ८ प्रवेश, त्याआधीच्या अकरा दिवसांत ७. महिनाअखेरीच्या रिपोर्टमध्ये अकरा दिवस जाहिरात बंद होती याचा उल्लेखच नव्हता. यश त्याही महिन्यात ९० च्या वर.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ७ आणि ८ यांच्या तुलनेवरून काहीच सिद्ध होत नाही. इतक्या लहान आकड्यांत चढउतार आपसूक होतात. म्हणून मी स्वतः सहा आठवडे सगळ्या जाहिराती बंद ठेवल्या. आधीच्या सहा आठवड्यांत ३१ प्रवेश होते, बंद असताना ३०. हेही शंभर टक्के पक्कं नाही. पण आठ महिन्यांच्या त्या हिरव्या बाणांपेक्षा या दोन आकड्यांनी मला जास्त सांगितलं, आणि ते मिळवायला खर्च शून्य आला.

मग मी जाहिरात खातं बघायला मागितलं. खातं एजन्सीच्या नावावर होतं, पैसे माझे. "पॉलिसी आहे मॅडम, आम्ही क्लायंटला अॅक्सेस देत नाही." तीन आठवडे पाठपुरावा केल्यावर नुसतं बघण्यापुरता अॅक्सेस मिळाला. माझा एक जुना विद्यार्थी याच क्षेत्रात काम करतो. तो शेजारी बसला आणि एकेक पान उघडून समजावत गेला.

पहिलं म्हणजे कन्व्हर्जन. पैसे भरल्यानंतर जे आभाराचं पान येतं, त्यावर मोजणीचा कोडच लावलेला नव्हता. कन्व्हर्जन म्हणून मोजलं जात होतं ते वेबसाइटवर तीस सेकंद थांबणं आणि 'माहिती हवी' हे बटण दाबणं. एकाच माणसानं बटण चारदा दाबलं तर चार. अशा मोजणीत एका माणसामागे एकदाच मोजा आणि प्रत्येक वेळी मोजा असे दोन पर्याय असतात. फी भरण्यासारख्या खरेदीत प्रत्येक वेळ मोजणं बरोबर, चौकशीला एकदाच मोजायचं असतं. आमच्या खात्यात उलट पर्याय निवडलेला होता.

दुसरं मला जास्त लागलं. खर्चाचा सर्वांत मोठा भाग माझ्या वर्गाच्या नावावर लावलेला होता. म्हणजे जो माणूस वर्गाचं नाव टाइप करून मलाच शोधतो आहे, त्याला माझीच जाहिरात दाखवायची आणि त्याच्या क्लिकचे पैसे माझ्याकडून घ्यायचे. तो तसाही येणारच होता. या प्रकाराची मोजणी फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या कंपनीनं २०१२ साली काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक जाहिरातीखालच्या मोफत निकालातून तसेच येत राहिले. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या नावावर एखादा स्पर्धक जाहिरात लावत असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या नावावर कुणीच लावत नव्हतं. पण अशा कॅम्पेनचा निकाल कायम उत्तम दिसतो, कारण येणारा माणूस आधीच ठरवून आलेला असतो. रिपोर्टमधलं सगळ्यात चमकदार पान हेच होतं.

तिसरं, 'पाहून झालेली' कन्व्हर्जन. एखाद्यानं जाहिरातीवर क्लिक केलं नाही, ती फक्त त्याच्या स्क्रीनवर येऊन गेली, आणि चोवीस तासांत तो साइटवर आला, तरी श्रेय जाहिरातीला. साध्या चित्रजाहिरातीचा निम्मा भाग एक सेकंद स्क्रीनवर राहिला की ती 'दिसली' असं या व्यवसायात मानलं जातं. त्यातून जाहिराती दाखवल्या जात होत्या ते बहुतांशी आधी साइटवर येऊन गेलेल्या लोकांना. उद्या फी भरणार असलेल्या विद्यार्थ्याच्या स्क्रीनवरून आज जाहिरात सरकली की तो प्रवेश एजन्सीचा.

ईमेल उघडण्याच्या टक्केवारीबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२१ पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये गोपनीयतेची सोय आहे. ती चालू असली की पत्रातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे वाचणाऱ्यानं पत्र उघडलं नाही तरी उघडल्याची नोंद होऊ शकते. 'ओपन रेट वाढला' हे यश म्हणून कुणी दाखवलं तर त्याला पत्रातल्या लिंकवर किती जणांनी क्लिक केलं ते विचारा.

आणि लीड. मला ६४ नावांची यादी मिळाली होती. मी एकेक फोन लावला. काही नंबर अस्तित्वातच नव्हते, काही लोकांनी असा वर्ग कधी ऐकलाही नव्हता, एका घरी लहान मुलानं फोन उचलला, त्याच्या आईला खेळाच्या अॅपमधली जाहिरात आठवत होती. ६४ पैकी ९ जणांनी फॉर्म भरल्याचं सांगितलं. क्लिक खरे की बनावट, हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या लहान जाहिरातदारांचा नाही. मेथबॉट नावाच्या टोळीनं हजारो सर्व्हरवरून माणसांच्या हालचालींची नक्कल करत व्हिडिओ जाहिराती 'पाहिल्या' होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये तो प्रकार उघड झाला आणि त्याच्या सूत्रधाराला २०२१ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली. मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींचे पैसे त्यात गेले होते.

मी पुन्हा एजन्सीशी बोलले. माणूस तोच, आवाज तितकाच शांत. "मॅडम, करारात जे ठरलं ते आम्ही दिलंय. आकडे तुमच्यासमोर आहेत." वकिलांना करार दाखवला. त्यांचंही म्हणणं पडलं की व्याख्येवर माझी सही आहे, त्यामुळे हात बांधलेले आहेत. पैसे परत मिळाले नाहीत.

या सगळ्यानंतर मला एका गोष्टीचा शोध घ्यायचा होता : मग खरा सक्सेस रेट असतो तरी किती? रॉन कोहावी यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षं नियंत्रित प्रयोगांचं, म्हणजे काही वापरकर्त्यांना जुनं आणि काहींना नवं दाखवून तुलना करण्याचं काम पाहिलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे की तपासून पाहिलेल्या कल्पनांपैकी साधारण एकतृतीयांश कल्पनांनीच अपेक्षित आकडा सुधारला. बिंग या त्यांच्या सर्च इंजिनासारख्या आधीच घासूनपुसून तयार झालेल्या उत्पादनात हे प्रमाण १० ते २० टक्क्यांवर येतं. हे प्रयोग वेबसाइटमधल्या बदलांचे आहेत, जाहिरातींचे नाहीत, तरी विचार करा : हाताशी कोट्यवधी वापरकर्ते, अव्वल माणसं आणि मोजणीची उत्तम साधनं असलेल्यांच्या बहुतेक कल्पना पडतात, आणि ते लोक ते उघडपणे सांगतात. मग दहातली नऊ कॅम्पेन चालवून दाखवणारी माणसं कोण आहेत?

लहान व्यवसायाला तर मोजणं आणखी अवघड. ३०० क्लिक आले आणि एकही प्रवेश झाला नाही, तरी खरं प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकतं. हा संख्याशास्त्रातला सोपा नियम आहे : ३ ला क्लिकच्या संख्येनं भागायचं. त्यामुळे 'दोन आठवड्यांत निकाल कळेल' असं कुणी म्हणालं तर ते यशाबद्दल असो की अपयशाबद्दल, त्यावर विश्वास ठेवू नका. रँडल लुईस आणि जस्टिन राव या अर्थशास्त्रज्ञांनी २५ मोठ्या जाहिरात प्रयोगांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. लाखो लोकांवर प्रयोग करूनही जाहिरातीनं नफा दिला की तोटा, हे बऱ्याचदा खात्रीनं सांगता येत नाही असं त्यात दिसलं.

नंतर मी तीन एजन्सींना भेटले. खातं माझ्या नावावर हवं, फी भरल्याच्या पानावर मोजणी हवी, माझ्या वर्गाच्या नावावरचा खर्च वेगळा दाखवायला हवा, हे लेखी मागितलं. आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : "तुमचं फसलेलं एक कॅम्पेन सांगा." पहिल्यांनी विषय बदलला. दुसऱ्यांनी ग्राहकाचा दोष सांगितला. तिसऱ्या बाईंनी लॅपटॉप उघडला, नावं झाकली आणि किती खर्च झाला, काय गृहीत धरलं होतं, कुठे चुकलं, कधी थांबवलं हे अर्धा तास दाखवलं. त्यांच्याबरोबर आम्ही आतापर्यंत सात प्रकार करून पाहिले. पाच बंद केले. दोन चालू आहेत, त्यांतल्या एकाबद्दल अजून खात्री नाही.

जुन्या एजन्सीच्या वेबसाइटवर यशोगाथांची यादी आहे. त्यात माझ्या वर्गाचं नाव आहे, शेजारी हिरवा बाण. काढून टाका म्हणून मी तीनदा लेखी कळवलं. परवा पाहिलं तेव्हा ते तिथंच होतं.