बाहेरचं दार, पण पावसात चालणार नाही असं: फ्लश डोअरचा दीड वर्षाचा अनुभव

एप्रिल २०२३ मध्ये गुहागरजवळच्या आमच्या नव्या घराला पुढचं दार बसवलं. आता नोव्हेंबर २०२४ संपत आलाय, म्हणजे दोन पावसाळे झाले. दार अजून चौकटीत उभं आहे, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

आधी काय घेतलं ते सांगते. सात फूट बाय साडेतीन फूट, ३५ मिमी जाडीचं फ्लश डोअर, म्हणजे आत लाकडी पट्ट्या आणि वर प्लाय लावलेलं सपाट दार, दोन्ही बाजूंनी सागाचं वेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा), बाहेरच्या अंगाला उभ्या खाचांची नक्षी आणि वर पॉलिश. दाराचे २८,०००, कुलूप-बिजागऱ्यांचे ९,००० आणि बसवायचे वेगळे. दुकानदाराने शिक्का दाखवला, ‘बीडब्ल्यूआर’, म्हणजे ‘बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट’. म्हणाला, ‘ताई, उकळत्या पाण्यात टाका, काही होणार नाही.’ मी खूश. पावसाचं पाणी काय उकळतं येणार होतं थोडंच!

पहिले दोन महिने दार खरंच देखणं होतं. येणारा-जाणारा हात फिरवून बघायचा.

मृग लागला आणि पंधरा दिवसांत दार कुलुपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. आषाढात तर खांदा लावल्याशिवाय उघडेना. सुताराला बोलावलं. त्याने दार उतरवलं, कडेवरून रंधा मारला, पुन्हा टांगलं. तासाभराचं काम, दार लोण्यासारखं फिरायला लागलं. ही आमची पहिली मोठी चूक, आणि ती आम्ही हौसेने पैसे देऊन केली. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगलेलं असतं. त्या फुगलेल्या मापावर रंधा मारला की ते सुकल्यावर काय होणार? दिवाळीनंतर त्याच बाजूला करंगळी जाईल एवढी फट पडली. संध्याकाळी आत दिवा लावला की बाहेरून उजेडाची उभी रेघ दिसायची. पाली त्याच वाटेने ये-जा करायच्या.

पण फुगणं-आकसणं मी सोडून दिलं असतं. लाकूड म्हटल्यावर ते आलंच. खरं दुखणं दुसऱ्या पावसाळ्यात बाहेर पडलं, तेही खालून. तळापासून वीतभर उंचीपर्यंत वेनिअरला फुगे आले, मग पोपडे सुटले. खालची कड काळी पडली, नख रुतावं इतकी मऊ झाली. पावसाळा सरेपर्यंत दार कमानलं. खालचा कोपरा चौकटीला टेकतो आणि वरचा बोटभर पुढे राहतो. कुलपाची जीभ आता खाचेत जातच नाही. रात्री आतून आडणा घालून झोपतो, माझ्या आजीच्या काळात घालायचे तसाच.

सप्टेंबरात दुसऱ्या एका जुन्या सुताराला बोलावलं. त्याने दार उतरवून आडवं ठेवलं आणि एक शब्द न बोलता खालची कड माझ्याकडे फिरवली. तिथे ना पॉलिश, ना रंग, ना साधा ऑइल पेंटचा हात. टाइल्स बसवल्यावर जमीन थोडी वर आली होती, म्हणून बसवणाऱ्यांनी दार खालून कापलं होतं आणि कापलेली कड तशीच उघडी ठेवली होती. फ्लश डोअरच्या आत पट्ट्या भरलेल्या असतात, कडेच्या उभ्या पट्ट्यांचे रेषे वरून खाली जातात. त्यांचं टोक उघडं राहिलं की ते शेकडो बारीक नळ्यांसारखं पाणी वर ओढतं. उंबऱ्यावर साचलेलं पाणी रोज थोडं थोडं आत चढत होतं आणि आम्ही बाहेरून पॉलिश पुसत बसलो होतो. आतल्या दोन पट्ट्यांमध्ये तर त्याचं बोट गेलं. बडा घर पोकळ वासा.

आता त्या शिक्क्याबद्दल. मी नंतर वाचलं, चार जणांना विचारलं, तेव्हा उमगलं की ‘बीडब्ल्यूआर’ ही मुख्यतः डिंकाची परीक्षा असते. प्लायचे थर उकळत्या पाण्यात सुटत नाहीत, एवढंच त्यातून कळतं. लाकूड पाणी पिणार नाही असं तो शिक्का कुठेच म्हणत नाही. प्लायसाठी आयएस ३०३ हे मानक आहे, मरिन प्लायसाठी आयएस ७१०, त्यात नमुना ७२ तास उकळतात. भरीव फ्लश दारांसाठी वेगळंच आयएस २२०२ आहे. आमच्या दाराच्या वरच्या प्लायवर शिक्का होता. आख्ख्या दाराला कुठलं मानक लागू आहे, हे बिलावरही नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

पाच वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड मात्र होतं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: थेट पाऊस व ऊन लागल्यास, जागेवर कापल्यास, किंवा सर्व सहा बाजू ग्राहकाने सील न केल्यास वॉरंटी लागू नाही. म्हणजे घराच्या पुढच्या दाराने पाऊस बघायचा नाही! दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ‘कोकणातली हवाच तशी आहे, मॅडम.’ अहो, दुकान तुमचं कोकणातच आहे ना? कापलं तेही तुमच्याच पाठवलेल्या माणसांनी. शेवटी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीने नवीन दार निम्म्या किमतीत देऊ केलं. तेच मॉडेल. मी नको म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. बिल, कार्ड आणि खालच्या कडेचे फोटो नीट जपून ठेवलेत.

कुलूप-बिजागऱ्यांचं थोडक्यात: घर समुद्रापासून किलोमीटरच्या आत. ‘स्टेनलेस’ म्हणून दिलेल्या बिजागऱ्यांवर सहा महिन्यांत तांबूस ठिपके आले. २०२ प्रतीचं स्टील खाऱ्या हवेला टिकत नाही. निदान ३०४ मागा आणि मिळालं, परवडलं तर ३१६. एवढ्या जड दाराला तीन बिजागऱ्या आणि त्यांना इंचभराचे स्क्रू दिले होते. आता चार बिजागऱ्या आणि लांब स्क्रू लावलेत, त्यामुळे दार लोंबायचं थांबलं.

आमची चूकही लपवत नाही. समुद्र दिसावा म्हणून दार पश्चिमेला घेतलं आणि घराचं तोंड ‘मॉडर्न’ दिसावं म्हणून पुढची पडवी नकाशातून काढून टाकली. दारावर दीड फुटाची सिमेंटची पट्टी, बस्स. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ खाली पडत नाही, नैऋत्येकडून आडवा येतो. झड लागली की दीड फुटाच्या पट्टीला विचारतो कोण? पूर्वी लोक आगोटीला, पावसाच्या तोंडावर, पुढच्या अंगाला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे. लहानपणी मला वाटायचं, घर उगीच अंधारं करून ठेवतात.

गावातले लोक आता हमखास ऐकवतात, ‘जुनी फणसाची दारं बघा, साठ वर्षं हलली नाहीत.’ खरं आहे, पण अर्धंच. ती दारं सात फूट खोल पडवीच्या आत होती, त्यांना पाऊस शिवलाच नव्हता. त्याच फणसाचं दार आमच्या उघड्या तोंडाला लावलं असतं तर तेही वाकडं झालं असतं, कदाचित थोडं उशिरा.

तुम्ही किनाऱ्यालगत घर बांधत असाल आणि हे दार बघून आला असाल तर दुकानात ते आडवं करायला लावा. दर्शनी बाजू कुणीही चकचकीत करतो. खालची-वरची कड बघा, कुलपाचं भोक आतून उघडं लाकूड दाखवतं का ते बघा. बसवताना दार कापलं तर त्याच दिवशी, टांगायच्या आधी, कडांना एपॉक्सी किंवा निदान ऑइल पेंटचे दोन हात द्या. आणि दार जून-जुलैत घासायला लागलं तर सुताराला मार्गशीर्षातच बोलवा. तोवर खांदा लावा.

आम्ही ऑक्टोबरात दारापुढे चार फुटांचा पत्रा टाकून घेतला, कौलाच्या रंगाचा. १४,००० गेले, समुद्र अजून दिसतो. दार मात्र बदलावंच लागणार. गोठ्यात जुन्या घराचं फणसाचं दार पडून आहे, दोन झडपांचं, कडी-कोयंड्यासकट. काल टेप घेऊन मापलं. नव्या चौकटीला सहा इंच अपुरं पडतंय.