इन्सुलिनचा भिजवायचा पाउच : लक्सर आणि फुकेतनंतरचा अनुभव

दसऱ्याच्या आधी घेतलेला पाउच अजून वापरात आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते. मी सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिनचं पेन घेते. सुरू केलेलं पेन 30 अंशांच्या आत राहिलं तर साधारण 28 दिवस फ्रिजशिवाय चालतं. पण फिरायला गेल्यावर आपण उन्हात आणि बॅग तापलेल्या बसमध्ये, मग ते 30 अंश सांभाळायचे कसे?

पाउचचं तत्त्व माठाचंच. कापडाच्या आत स्फटिक असतात. थंड पाण्यात दहा मिनिटं बुडवले की फुगून त्यांचं जेल होतं आणि पाणी उडेल तसं आतलं पेन गार राहतं. बर्फ नको, वीज नको. मात्र हवा लागलीच पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर काही उपयोग नाही.

खरी परीक्षा इजिप्तमधल्या लक्सरला झाली. कर्नाकचं मंदिर बघून आलो आणि रात्री मला उलट्या-जुलाब सुरू झाले. खोलीतल्या छोट्या फ्रिजच्या मागच्या भिंतीवर बर्फ धरत होता. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही टाकूनच द्यावं लागतं, त्यामुळे फ्रिजचा भरवसा नव्हता. पाउच उशाशी होता, पेनची काळजी मिटली. ह्यांनी रात्रभर थोड्या थोड्या वेळाने शुगर तपासली आणि पुण्याच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आधी हेच बजावलं की जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही, आजारपणात उपाशीपोटीही शुगर चढते. रीडिंग ऐकून डोस त्यांनीच ठरवून दिला. (तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.) ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, तरी ते घोट घोट घ्यायलाच लावलं, कारण अंगातलं पाणी कमी होणं जास्त वाईट. दुपारपर्यंत मी उठून बसले.

लक्सरला बाहेर 37 अंश असताना पाउचमधला छोटा थर्मामीटर 25 च्या आसपास होता. फुकेतला बाहेर 32 आणि आत 29-30, म्हणजे अगदी काठावर. दमट हवेत पाणी उडतच नाही. तिथे मी पेन एसी खोलीत ठेवून बाहेर पडायचे आणि इंजेक्शनच्या वेळी परतायचे. कोकणात मे महिन्यातही हाच हिशेब धरा. कोरड्या उन्हाच्या देशात जाणार असाल तर पाउच डोळे मिटून विकत घ्या.

तक्रारी दोनच. जेल एका टोकाला गोळा होतं, ते हाताने सारखं करावं लागतं. आणि नीट वाळवल्याशिवाय कपाटात ठेवला तर कुबट वास येतो.

विमानात तो केबिन बॅगेतच न्यायचा, खाली सामानात इन्सुलिन गोठू शकतं. 100 मिलीच्या नियमातून औषधांना सूट आहे, तरी डॉक्टरांचं पत्र जवळ असू द्या.

पेनऐवजी कुपी आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी आणखी एक बघा. आपल्याकडे दर मिलीला 40 युनिटच्या कुप्या सर्रास मिळतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. परदेशात कुपी बहुतेक ठिकाणी दर मिलीला 100 युनिटची. ती आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजने आकड्याप्रमाणे भरली तर अडीचपट इन्सुलिन अंगात जाईल. तिथे कुपी विकत घेतलीत तर त्याच दुकानातून 100 ची सिरिंजही मागून घ्या.